ज्येष्ठेच्या शेजारी

गच्चीची किल्ली मला सेक्रेटरींशी भांडून घ्यावी लागली. इमारत पाडायची ठरली आहे, निम्म्याहून जास्त बिऱ्हाडं निघून गेली आहेत, वर आता बघण्यासारखं काही राहिलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, बघण्यासारखं काय आहे ते माझं मला ठरवू द्या. किल्ली दिली त्यांनी, पण तुम्ही खाली येईपर्यंत मी जिन्यापाशी उभा राहणार, असंही बजावलं. उभे राहा, म्हटलं.

विरार पश्चिमेला, आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत, ही आमची चार मजल्यांची इमारत. आम्ही राहायला आलो तेव्हा मी शाळेत होते आणि भिंतींना ओल्या चुन्याचा वास होता. गच्चीवरून पश्चिमेला नुसत्या वाड्या दिसायच्या. केळी, नारळ, मधूनच एखादं कौलारू छप्पर, आणि त्यांच्यापलीकडे समुद्र. समुद्र डोळ्यांना दिसत नसे. पण संध्याकाळी वारा फिरला की अर्नाळ्याला वाळत घातलेल्या बोंबलांचा वास थेट चौथ्या मजल्यापर्यंत यायचा. आई लगबगीनं खिडक्या लावायची आणि वाळत घातलेले कपडे आत ओढायची. त्या वासाला आम्ही किती नावं ठेवली. काल गच्चीवर मी मुद्दाम पश्चिमेला तोंड करून उभी राहिले, तर डांबराचा आणि पारव्यांच्या विष्ठेचा वास आला, बाकी काही नाही.

मे महिना चालू आहे. अंधार पडला तसे दक्षिणेकडचे टॉवर उजळले. मी टाकीच्या कट्ट्यावर बसून राहिले. बऱ्याच वेळानं दोन इमारतींच्या फटीत एक तांबूस तारा वर आला. त्याच्या शेजारी, जराशा उजव्या अंगाला, मी नजर लावली. तिथे काही दिसलं नाही. आता तिथे साध्या डोळ्यांनाच काय, चांगल्या दुर्बिणीलाही विरारमधून फारसं काही दिसणार नाही, इतका उजेड झाला आहे. पण तिथे काय आहे ते मला ठाऊक आहे. ह्याच गच्चीवरून आम्ही ते पाहिलेलं आहे.

तो तांबूस तारा म्हणजे ज्येष्ठा. माझी थोरली बहीण सुजाता, माझी ताई, जन्मली तेव्हा चंद्र त्या ताऱ्याजवळ होता. झालं होतं ते एवढंच. पण ज्येष्ठा नक्षत्रावर जन्मलेली मुलगी थोरल्या दिराच्या जिवाला वाईट, असं आमच्याकडे धरून चालतात, आणि राजापुराहून मुंबईला नोकरीला आलेले माझे वडील सगळं सामान मागे ठेवून आले तरी हे बरोबर घेऊन आले होते. ताई बावीस-तेवीस वर्षांची झाल्यावर घरात स्थळं येऊ लागली आणि तो तारा आमच्या घरात राहायला आला.

दाखवण्याच्या कार्यक्रमांचा एक ठरलेला वास असे. इस्त्री केलेल्या साडीचा, अबोलीच्या गजऱ्याचा, सकाळीच पुसलेल्या फरशीवरच्या फिनेलचा. शेजारच्या दोन बिऱ्हाडांतून खुर्च्या यायच्या. ठेवणीतले कप निघायचे. माणसं येत, ताईला शिक्षण विचारत, बीएस्सी झाली म्हटल्यावर मान डोलवत, आणि जाताना पत्रिका घेऊन जात. मग निरोप येई, जुळत नाही. कोणी कारण सांगत नसे. सांगायची गरजही नसे. घरातला थोरलाच मुलगा बघा, नाहीतर एकुलता एक बघा, म्हणजे थोरल्या दिराचा प्रश्नच नको, असा सल्ला नातेवाईक देत. मला अजून आठवतो तो पाहुणे गेल्यावर आई मोरीत कप विसळायची त्याचा आवाज. ती नळ अगदी बारीक सोडायची आणि एकेक कप नको इतका वेळ धूत राहायची. 'थोडं आधी उरकलं असतं तर,' असं आजी आईला एकदा म्हणाली होती, जणू बाळंतपण म्हणजे पाहुण्यांना थोडं लवकर वाटेला लावणं.

त्या वर्षांत पाणी पहाटे यायचं. वाडीतला एक म्हातारा चावी सोडायला यायचा आणि सोडली की खालूनच ओरडायचा, "पानी आयलं." त्या हाकेनं इमारत जागी व्हायची. बादल्यांचे कान वाजायचे, मोटारी घरघरायच्या, कुठल्यातरी वाडीतून देवळाची नाहीतर चर्चची घंटा ऐकू यायची. वसईच्या बाजूनं फुलं घेऊन निघालेल्या बायकांची लगबग रस्त्यावर सुरू झालेली असे आणि त्यांच्या टोपल्यांतल्या मोगऱ्याचा वास काही क्षण आमच्या फाटकापाशी रेंगाळायचा. ताई आणि मी गच्चीवरची टाकी भरते की नाही ते बघायला वर जात असू. फेब्रुवारी-मार्चात त्या वेळी वृश्चिक दक्षिणेला पुरता वर आलेला असतो. नांगी, वळसा आणि मधोमध तो तांबडा ठिपका. ताईनंच मला तो ओळखायला शिकवलं. हा माझा, असं ती म्हणायची, आणि तिच्या आवाजात तेव्हा राग असे.

ताई वसईच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला होती. तिथे पदार्थविज्ञान शिकवायला ग्रेसी मॅडम होत्या. वाडीवरच्या शेतकरी घरातल्या, ठेंगण्या, पिकलेल्या केसांचा घट्ट अंबाडा घालणाऱ्या, वर्गात कधी आवाज न चढवणाऱ्या. एका स्थळाचा नकार आल्यावर ताई कामावर रडवेली गेली. मॅडमनी कारण विचारलं, आणि ताईनं सांगितलं. त्यावर त्यांनी तिची समजूत काढली नाही, की हसल्याही नाहीत. कपाटातून एक पांढरी नळी काढली, धूळ पुसली आणि म्हणाल्या, "त्याला दोष द्यायचा तर दे, पण आधी एकदा नीट बघून घे. आणि त्याच्या उजवीकडे जरा सरकून बघ."

ती दुर्बीण ताईनं चादरीत गुंडाळून रिक्षातून आणली. पेटी आणलीत का, गाणं शिकणार का, असं पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं. ताई म्हणाली, हो, शिकणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी येण्याआधीच आम्ही वर गेलो. बराच वेळ ताईला काहीच सापडेना. गच्चीचा कठडा गार होता, दुर्बिणीच्या स्टँडचा एक पाय हलत होता, त्याखाली मी चप्पल सरकवून धरली होती. मग ताई अचानक बोलायची थांबली. मी कितीतरी वेळ वाट पाहिली, तरी ती डोळा काढेना. शेवटी मला बघू दे म्हणून मी तिची वेणी ओढली.

आधी मला फक्त धूर दिसला. काचेवर श्वास सोडल्यावर उमटतो तसा एक गोल, फिकट डाग. बघत राहा, ताई म्हणाली. बघत राहिले तर त्या डागात कण दिसू लागले. एक, मग चार, मग मोजण्याच्या पलीकडचे, पिठीसाखर सांडावी तसे. डोळा जरा तिरका केला की ते जास्तच उजळायचे. खाली बादल्या वाजू लागल्या, म्हातारा ओरडला, आईनं हाका मारल्या. आम्ही दोघी हललो नाही. त्या दिवशी टाकी अर्धीच भरली.

मग ग्रेसी मॅडमनी ताईला सांगितलेलं ताईनं मला सांगितलं. ज्येष्ठेच्या शेजारी दिसतो तो ताऱ्यांचा एक गोळा आहे, लाखभर तारे एकमेकांना धरून राहिलेले, आपल्या सूर्याहून कितीतरी जुने. तांबड्या ताऱ्याच्याही फार फार मागे तो आहे, नुसता शेजारी दिसतो. मराठीत त्याला बंदिस्त तारकागुच्छ म्हणतात. ताईला ते नाव आवडलं नाही. त्यांना कोणी बंद करून ठेवलंय का, म्हणायची. जमून राहिलेत ते.

त्या वर्षी उन्हाळ्याआधी विनयचं स्थळ आलं. वसईचं घर, चांगली नोकरी, बोलायला मोकळा मुलगा. दोन्ही घरं एकमेकांना पसंत पडली. ताई आणि विनय दोनदा किल्ल्याकडे फिरायलाही जाऊन आले, आणि दुसऱ्यांदा आल्यावर ताई आंघोळीला गेली तेव्हा आतून गुणगुणण्याचा आवाज येत होता. मग त्यांच्याकडून पत्रिकेची मागणी आली. विनयला एक थोरला भाऊ होता.

वडील त्या रविवारी कोणाकडे तरी जाऊन आले आणि नवी पत्रिका घेऊन आले. तिच्यात जन्माची वेळ थोडी आधीची धरली होती. तेवढ्यानं ताई ज्येष्ठेच्या आधीच्या अनुराधा नक्षत्रात जात होती. वडील वाईट माणूस नव्हते. थकले होते. पुष्कळ जण असं करतात, कोणाचं काही बिघडत नाही, मुलगी सुखात पडते, असं ते ताईची नजर चुकवत सांगत राहिले. आई विळीवर दुधी चिरत बसली होती.

ताई शांतपणे म्हणाली, "बाबा, मी जन्मले त्या वेळी आई कळा सोसत होती. ती वेळ तुम्ही खोडणार आहात का?"

विळीचा आवाज थांबला. आईनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी ताईनं जुनी, खरी पत्रिका स्वतः विनयच्या हातात दिली. आठवड्यात निरोप आला. कप त्या दिवशी विसळायचे नव्हते, तरी आई मोरीत जाऊन उभी राहिली.

मे महिन्यात लोडशेडिंग वाढलं. खाडीपलीकडे मुंबई रात्रभर उजळलेली असे आणि आमच्याकडे जेवणाच्या वेळेलाच सगळं गुल होई. लोक चिडायचे. रॉकेलचा, मेणाचा, घामाचा वास जिन्यात भरून राहायचा. ताईनं मात्र त्या अंधाराचा पुरेपूर उपयोग करून घेतला. ग्रेसी मॅडमनी दुर्बीण सुट्टीभर आमच्याकडेच ठेवू दिली होती. दिवे गेले की ताई नळी खांद्यावर टाकून वर. इमारतीतल्या बायका आधी दारातून बघायच्या, मग एकेक करून वर येऊ लागल्या. चंद्र, गुरूचे उपग्रह, जे असेल ते ताई त्यांना दाखवायची. लग्न मोडलेली मुलगी गच्चीवर काय करते, असं कुजबुजणाऱ्या काकूही एकदा येऊन रांगेत उभ्या राहिल्या, आणि ताईनं त्यांना सर्वांत जास्त वेळ बघू दिलं.

अशाच एका संध्याकाळी, दिवे गेल्यावर, दारावर थाप पडली. मी मेणबत्ती घेऊन दार उघडलं. बाहेर एक अनोळखी, स्थूल गृहस्थ घाम पुसत उभे होते. हातात वाळक्या पानांत बांधलेली सुकेळी होती. मी सदानंद, विनयचा मोठा भाऊ, असं त्यांनी सांगितलं. मी त्यांना आत घेतलं. आईनं पाणी दिलं. वडिलांनी पंखा नाही म्हणून हातात वर्तमानपत्र दिलं. सदानंद वारा घेत म्हणाले, "काका, जीव माझा, आणि घरात बैठक झाली ती माझ्याशिवाय. मला कोणी विचारलंच नाही."

वडील हसले. किती महिन्यांनी ते हसले होते.

सदानंदांना तो तारा बघायचा होता. आपल्याला मारणारं आहे तरी काय ते बघून घेऊ, असं ते म्हणाले. आम्ही सगळेच वर गेलो. तुंगारेश्वरच्या डोंगरांवर वृश्चिक नुकता चढला होता. सदानंदांना वाकायला त्रास होत होता, म्हणून ताईनं त्यांना स्टूल दिलं. त्यांनी आधी ज्येष्ठा बघितली, मग ताईनं नळी किंचित सरकवून त्यांना तो गुच्छ दाखवला. ते स्टूल पुढे ओढून बघत राहिले. माझ्यासारखाच त्यांनाही आधी नुसता धूर दिसला असावा. मग हळूच म्हणाले की एवढे सगळे आहेत आणि त्यांना काय माझ्यावर डोळा ठेवायला वेळ आहे. आपली काही हरकत नाही, हे आपण घरी ठणकावून सांगणार आहोत, आई ऐकेल, तुम्ही फक्त हो म्हणा, असं ते ताईला म्हणाले.

अंधारात ताईचा चेहरा दिसत नव्हता. मला वाटलं, ती हो म्हणणार. तिनं हो म्हणावं असं मला फार वाटत होतं. विनयबरोबर फिरून आल्यावरचं ते गुणगुणणं मी ऐकलं होतं.

"तुम्ही आलात, हे मी विसरणार नाही," ताई म्हणाली. "पण विनय का नाही आले?"

सदानंद स्टुलावर सावरून बसले. तो आईच्या शब्दाबाहेर नाही, एवढंच त्यांना म्हणता आलं.

"मग उद्या तुम्हाला साधा ताप आला तर सगळं घर माझ्याकडे बघेल, आणि विनय खाली बघतील. मला नाही यायचं त्या घरात."

सदानंदांनी रुमालानं मान पुसली. ते रागावले नाहीत. उठताना त्यांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला आणि वडिलांना म्हणाले की मुलगी बरोबर बोलते आहे, तिला काही म्हणू नका. मग वाटेत मेणबत्ती नको म्हणून भिंत चाचपडत खाली गेले. त्यांची स्कूटर सुरू व्हायला वेळ लागला. तो आवाज आगाशीच्या रस्त्याला लागून विरून गेला.

तेव्हा आई पुढे आली. इतक्या दिवसांत तिनं दुर्बिणीला हात लावला नव्हता. तिनं उपास केले होते, नक्षत्राची शांत करून घेतली होती, मंगळवारी आणि शनिवारी देवळाच्या पायऱ्या चढल्या होत्या, पण ह्या ताऱ्याकडे मान वर करून कधी बघितलं नव्हतं. "बघू गो," ती म्हणाली. पदर खोचून ती स्टुलावर बसली. ताईनं तिची हनुवटी धरून डोळा नळीवर नेला. आई खूप वेळ बघत होती. मग तिनं विचारलं, हे माझ्या पोरीच्या जन्माच्या आधीपासून असेच आहेत का? ताई म्हणाली, पृथ्वीच्या जन्माच्याही आधीपासून. आई पुन्हा वाकली आणि बघत राहिली. तिच्या पाठीवरून माझ्या लक्षात आलं की ती रडत होती, आणि रडता रडता बघायचं थांबवत नव्हती.

पाऊस आला आणि दुर्बीण कॉलेजच्या कपाटात परत गेली. त्यानंतर कुठे काय झालं ते थोडक्यात सांगते. विनयचं पुढच्याच वर्षी लग्न झालं. सदानंदकाका मला गेल्या महिन्यात वसईच्या बाजारात भेटले. केस गेले आहेत, साखर वाढली आहे, गुडघे बोलतात, आणि मला बघितल्यावर लांबूनच हात वर करून ते दरवेळी सांगतात तेच त्यांनी सांगितलं, "ताईला कळव, अजून आहे मी." ग्रेसी मॅडम आता नाहीत. ताई जव्हारकडच्या एका मुलींच्या शाळेत शिकवते, तिथे अजून अंधार शिल्लक आहे. तिनं लग्न केलं नाही. एकटं वाटतं का, असं मी तिला एकदा विचारलं, तर वाटतं कधीकधी, पण खाली बघावं लागत नाही, असं म्हणाली. लोक अजून हळहळतात. हळहळू देत.

मला मात्र त्या सगळ्यांतला सर्वांत जवळचा वाटतो तो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातला एक रविवार. उकाडा परत आला होता. आणखी एक स्थळ आलं होतं. मुलगा, त्याचे आईवडील, एक मामा. खुर्च्या आल्या, गजरा आला, फरशी पुसली. ताई आतल्या खोलीत केस विंचरत होती. मी पडद्याआडून बघत होते. आईनं बाहेर येऊन पाण्याचे पेले ठेवले आणि आत वळली नाही. पाहुण्यांसमोर आई कधी बोलत नसे. ती तशीच उभी राहिली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "मुलगी ज्येष्ठा नक्षत्राची आहे. वेळ खरी आहे, बदलून घेतलेली नाही. चालत असेल तर पोहे टाकते."

वडिलांनी चमकून तिच्याकडे बघितलं. मुलाच्या आईनं नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं मामाकडे, आणि मामानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. उन्हाळा कसा परतलाय, असं काहीतरी ते बोलले. पाणी प्यायले. कळवतो, म्हणाले. त्यांच्या चपला जिन्यात फटफटत खाली गेल्या. खुर्च्या तशाच रिकाम्या राहिल्या. वडील त्यांतल्या एकीवर बसून होते.

मी कप विसळण्याचा आवाज यायची वाट पाहत होते. आला तो मोहरी तडतडल्याचा. आईनं कढई भरून पोहे टाकले होते. इतके कोण खाणार, असं ताईनं विचारलं. आई म्हणाली, आपण खाणार. तेवढ्यात दिवे गेले. आईनं कढईच फडक्यात धरून उचलली आणि जिना चढू लागली. प्रत्येक मजल्यावर थांबून तिनं दारं वाजवली. माणसं ताटल्या घेऊन वर आली. कांद्याचा, कढीपत्त्याचा, लिंबाचा वास गच्चीभर झाला. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी कसला कार्यक्रम म्हणून विचारलं, आणि आई म्हणाली, कार्यक्रम झाला, आता खाणं.

सगळ्यांत शेवटी वडील वर आले. ताईनं त्यांना ताटली दिली. ते कठड्याला टेकून उभ्यानंच खात राहिले. मग कोणाकडे न बघता बोलले.

"सुजाताची वेळ मीच टिपून घेतली होती. दवाखान्यातल्या घड्याळात बघून." त्यांनी एक घास घेतला. "घड्याळ बरोबर होतं."

ताई कढई घेऊन त्यांच्याजवळ गेली आणि वाढत राहिली. वडिलांनी पुरे म्हटलं नाही.